राजीनाम्याचा मेल अजून पाठवला नसशील तर

नागपूर,
८ जुलै

प्रिय मिल्या,

नोकरी सोडून माझ्यासारखं वन्यजीवांच्या फोटोग्राफीत उतरायचं म्हणतोस, तो तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि हा विषय दहा मिनिटांत आटपण्यातला नाही. शिवाय सध्या वेळच वेळ आहे. १ जुलैपासून ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद झालाय, तो थेट ऑक्टोबरात उघडेल. बफरची, म्हणजे भोवतालच्या जंगलाची, काही गेटं चालू आहेत, पण पावसाळी चिखलात वाघ बघायला पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक फारसं येत नाही. त्यामुळे घरी बसून लेन्सा पुसणं आणि वर्षाचा हिशेब लावणं, एवढंच चाललंय.

तू विचारलंस लेन्स कोणती घेऊ. ते सांगतो, पण शेवटी. आधी तू जे हळूच, जाता जाता विचारलंस ते: "महिन्याला साधारण किती सुटतात रे?"

महिन्याला असं काही सुटत नाही. या धंद्यात महिन्याचा हिशेब बसतच नाही. नोव्हेंबर ते जून जे येईल ते येईल आणि त्यात पावसाळा काढायचा. वाघ आणि पक्षी यांचे फोटो विकून माझं घर चालतं असं तुला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढ. माझ्या कमाईत खुद्द फोटोंचा वाटा सगळ्यात लहान आहे. फोटो विकणाऱ्या स्टॉक साइटवर एक फोटो विकला गेला की कधी कधी चहाचे पैसेही येत नाहीत. मासिकं कमी झाली, जी उरली त्यांचे दर वाढलेच नाहीत. परवा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. मुखपृष्ठासाठी वाघ हवाय. मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "आमचा अंक हौसेचा आहे हो, पण तुमचं नाव ठळक छापू." कागदवाला आणि छापखानेवाला हौसेवर काम करतात का, असं अगदी ओठांवर आलं होतं. माणूस भला आहे म्हणून गप्प बसलो. फोटो मात्र दिला नाही.

कॅलेंडरचं एक बरं काम असायचं. दरवर्षी एक पतसंस्था बारा फोटो घ्यायची, पैसेही वेळेवर द्यायची. यंदा त्यांच्या पोरानं एआयवर बारा वाघ करून घेतले. मला दाखवले. एका वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे आरशात बघितल्यासारखे हुबेहूब! खऱ्या वाघाच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात, आणि दोन वाघांचे पट्टेही जुळत नाहीत. त्यावरूनच तर वाघ ओळखतात. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तारखेपलीकडे कोण बघतंय?" त्याचंही खरंच आहे.

मग खातो काय? लग्नं करतो, टूर नेतो. आणि थोडे प्रिंट विकतो. इथे धंतोलीत दवाखान्यांची रांगच आहे, तिथे भिंतीवर लावायला मोठे कॅनव्हास जातात. पण डॉक्टरांची अट ठरलेली: रक्त नको, शिकार नको, वाघ असलाच तर बसलेला, आणि शक्यतो हरणं धुक्यात. माझे आवडते फोटो एकाही दवाखान्यात नाहीत.

लग्नांची गंमत अशी की मुहूर्त नेमके मेमध्ये असतात. चंद्रपूरचा पारा ४५-४६ अंशांवर जातो, पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ दिवसाढवळ्या येऊन बसतो. वर्षातले सगळ्यात चांगले दिवस तेच. आणि त्या दिवसांत मी इथल्या एखाद्या लॉनमध्ये नवरदेवाच्या मामाला "जरा हसा" म्हणत उभा असतो. एका लग्नाचे पैसे वाघाच्या वर्षभरातल्या फोटोंपेक्षा जास्त होतात, नाही कसं म्हणणार?

टूरचं सविस्तर सांगतो, कारण तुझा डोळा तिथेच आहे. "फोटोग्राफी टूर काढीन, लोकांना शिकवीन" असं तू म्हणालास. काढता येते. सफारीच्या एका उघड्या जिप्सीत सहा पर्यटक बसू शकतात, पण मोठी लेन्स आणि ती टेकवायची पिशवी, म्हणजे बीनबॅग, घेऊन बसणाऱ्यांना तीनच्या वर माणसं चालत नाहीत. म्हणजे सहांचा खर्च तिघांवर. बुकिंग फार आधी करून ठेवायचं, पैसे आधी भरायचे आणि ऐनवेळी एकाच्या घरी कुणी आजारी पडलं की त्याची सीट आपल्या बोडक्यावर. मंगळवारी जंगल बंद. मोबाइल आत न्यायला बंदी, त्याबद्दल मी मात्र मनापासून खूश आहे.

आणि आत गेल्यावर मी फोटो काढतो असं समजू नकोस. गेल्या मेमधलं सांगतो. पांढरपौनीच्या पाण्यावर वाघीण उतरली. सरळ आमच्याकडे तोंड करून, मागून तिरपं ऊन, पाण्यात प्रतिबिंब. असा क्षण वर्षात एखादाच. माझ्या शेजारी ठाण्याचे एक काका. त्यांच्या कॅमेऱ्यात डोकावलो तर शटर स्पीड १/६०, म्हणजे फारच मंद. सगळे फोटो हललेले येणार. माझा कॅमेरा मांडीवर ठेवला, वाकून त्यांचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनक्षमता, वाढवला, डायल फिरवली, "आता दाबा काका, दाबा" म्हणालो. तोवर ती पाणी पिऊन वळली होती. काकांना शेपटीकडून का होईना, एकदम शार्प फोटो मिळाला. ते इतके खूश झाले की ऑक्टोबरची टूर तिथेच पक्की केली. टूर लीडरचा धंदा हा असा. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण वाघ बघायला नाही, वाघ दाखवायला आलोय हे सकाळी निघतानाच ध्यानात ठेवायचं.

या दाखवण्यातच खरी गोम आहे. पैसे भरून आलेल्या माणसाला वाघ हवा असतो, जवळून हवा असतो, समोरून हवा असतो. तो ड्रायव्हरकडे बघतो, ड्रायव्हर गाइडकडे. आमचा नेहमीचा जिप्सीवाला म्हणतो, "साहेब, वाघ नाही दिसला तर टिप नाही भेटत, अन् टिपेविना या कामात काय उरते?" ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते तू बातम्यांत पाहिलं असशीलच. वाघीण आणि तिची पाच पिल्लं, दोन्ही बाजूंनी जिप्स्या, मधल्या मध्ये त्यांची वाट अडलेली. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि जिप्सीचालक निलंबित झाले. व्हायलाच हवे होते. पण त्या गाड्या तिथे कुणाच्या हट्टानं पोचत असतील, हे आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाला पुरतं ठाऊक आहे. तू टूर काढलीस की तो हट्ट तुझ्याही गाडीत बसलेला असेल. त्याला नाही म्हणायचं आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक परतही यायला हवं. मला हे जमतं असं मी छातीठोक सांगणार नाही, बऱ्याचदा जमतं.

पक्ष्यांकडेही तीच तऱ्हा. रानपिंगळा, म्हणजे एक लहानसं घुबड, संपला असं समजत होते, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आता मेळघाटात त्याच्यासाठी माणसं जातात ती खिशात स्पीकर घेऊन. त्याचाच आवाज लावायचा, बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला म्हणून धावून येतो, फांदीवर बसतो, फोटो होतो. विणीच्या दिवसांत हे दिवसातून चारदा झालं तर त्याची काय दशा होत असेल? मी आवाज लावत नाही, म्हणून माझ्याकडून दोन गिऱ्हाइकं तुटली. ती दुसऱ्याकडे गेली. पक्ष्याचं काही वाचलं नाही, माझे पैसे मात्र गेले.

आणि मिल्या, वाघाचे फोटो आता कुणाला हवेत? ताडोब्यातल्या माया वाघिणीचंच घे. २०२३ मध्ये ती गेली तेव्हा सोशल मीडियावर नुसता पूर आला होता. हजारो लोकांकडे ती होती. पाण्यात, पिल्लांसोबत, रस्त्यावर, सगळे फोटो चांगले, सगळे सारखे. त्या ढिगात माझेही आहेत. आता कॅमेरे असे आलेत की वाघाच्या डोळ्यावर फोकस आपोआप बसतो, म्हणजे हातातल्या कसबाचा जो भाव मिळायचा तोही गेला.

गाजलेली कामं आठवून बघ. नयन खानोलकरांना २०१६ मध्ये लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरमध्ये शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला, तो मुंबईतल्या बिबट्याच्या फोटोला. वारली पाड्यातल्या गल्लीतून रात्री चाललेला बिबट्या, समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेरा ट्रॅपनं टिपलेला. २०२० मध्ये त्याच स्पर्धेत पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधरचं काम गौरवलं गेलं, ते भंडारदऱ्याच्या काजव्यांचं. दोघांनीही घरापासून जवळचं काहीतरी धरलं आणि धरून ठेवलं. तू मात्र पुण्यात राहून ताडोब्याचं बुकिंग शोधतोयस. अरे, एवढा खर्च करून तू इथे येणार आणि माझ्याच गिऱ्हाइकांच्या शेजारी उभा राहणार!

तुझ्या हाताशी काय आहे ते बघ ना. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, त्यात चिंकारा. इंदापूर-बारामतीच्या माळावर लांडगे, खोकड, हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी. भिगवणला उजनीचं बॅकवॉटर, रोहित पक्षी, आणि मासेमारी करणारी माणसं होडीतून पक्षी दाखवून चार पैसे मिळवतायत. माळाला आपल्याकडे पडीक म्हणतात, म्हणून त्यावर सौर प्रकल्प, प्लॉटिंग, खाणी काहीही येतं. लांडगा आणि मेंढपाळ यांचं नातं दोन-तीन वर्षं नीट टिपलंस, त्यांच्यात बसून, लांडग्यानं मेंढरं उठवून नेली तेव्हाचं आणि एरवीचंही, तर ते काम फारच थोड्यांकडे असेल. अशा कामाला संस्था विचारतात, संशोधक विचारतात, कधी फेलोशिप मिळते. लगेच नाही. पण शनिवार-रविवार नोकरी सांभाळून होणारं हे काम आहे, आणि माझं म्हणणं एवढंच की राजीनामा आधी आणि विषय नंतर, असं करू नकोस.

पुण्यात कामं मिळायला लागतील, तेव्हा एक लक्षात ठेव, हे मला एका वकील मित्रानं बसवून शिकवलं. स्वतःहून काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुझा. पण एखाद्या रिसॉर्टनं पैसे देऊन "आमच्यासाठी काढा" म्हटलं आणि कागदावर वेगळं काही ठरलं नाही, तर कायद्यानं पहिला मालक तो रिसॉर्ट. हक्क लिहून देतानाही मुदत लिही. नाही लिहिली तर ५ वर्षं धरतात. आणि फुकटातल्या फोटो स्पर्धांचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाच. बक्षीस एकाला आणि सगळ्यांचे फोटो कायमचे आयोजकांचे, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कुणाचं नाव घेत नाही, पण एका स्पर्धेत दिलेला माझा सांबराचा फोटो मी नंतर एका जाहिरात फलकावर पाहिला.

घरचंही सांगून टाकतो, कारण वहिनींनी तुझ्याआडून तेच विचारलंय हे मला कळलं. आमचं घर चालतं ते हिच्या शाळेतल्या पगारावर. दूध, किराणा, आईची औषधं, सगळं ठरलेल्या तारखेला होतं ते त्यामुळे. माझ्या पैशांनी मोठी कामं होतात, पण कधी होतील ते सांगता येत नाही. गृहकर्जाला गेलो तर बँकवाल्यानं नोकरदारांचा फॉर्म १६ मागितला. नाही म्हटल्यावर तीन वर्षांची रिटर्न्स, आणि तरी कर्ज मिळालं ते तिच्या नावावर. तुमच्या घरी दोघांचे पगार आहेत आणि फ्लॅटचा हप्ता चालू आहे. तेव्हा वहिनींशी बोल, पण आकडे घेऊन बोल. वर्षभराचा घरखर्च वेगळा काढून ठेवल्याशिवाय नोकरीला हात लावू नकोस.

आता लेन्स. ६०० एमएम एफ/४ची मोठी लेन्स बघून हुरळून जाऊ नकोस, बारा-पंधरा लाखांची वस्तू आहे ती. लागेल तेव्हा चार दिवस भाड्यानं आण. सध्या सेकंड हँड १५०-६०० किंवा २००-५०० एमएमची झूम लेन्स घे. नवे मिररलेस कॅमेरे आल्यापासून जुन्या पद्धतीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या चांगल्या लेन्सांचे भाव उतरलेत, तुझ्या जुन्या कॅमेऱ्यावर त्या आरामात चालतील. माळावर उन्हात वाघाच्या जंगलासारखा अंधाराचा त्रासही नसतो. बीनबॅग विकत घेऊ नकोस, मेघनावहिनींना जाड कापडाची शिवून माग आणि जिथे जाशील तिथे तांदूळ भरून घे.

तू तो कोथरूडचा माणूस सांगितलास, त्याची लेन्स घेण्याआधी एक कर. मागच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च मार आणि समोरून तिरपं बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नकोस. कळत नसेल तर फोटो काढून मला पाठव. शनिवारपर्यंत पाठवलास तर बरं, रविवारी मी वर्ध्याला एका साखरपुड्याच्या कामावर आहे.

काकूंना नमस्कार. त्यांचा गुडघा आता कसा आहे ते कळव.

तुझा,
नंदू