प्रत्येकाला कसे उत्तर द्यावे, हे शिकवल्याबद्दल

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

माझ्या विश्वासाविषयी सतत टोचून बोलणाऱ्या एका सहकाऱ्याला काय उत्तर द्यावे, हे विचारायला मी आपल्याकडे आलो, तेव्हा आपण मला वाद जिंकून देणारी वचने काढून दिली नाहीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपण बायबलमधील कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडलात. बोलणे कृपायुक्त आणि मिठाने रुचकर केल्यासारखे असावे, हे त्या पत्राचा लेखक प्रेषित पौल मंडळीबाहेरच्या लोकांशी वागण्यासंबंधी सांगतो आणि तेही बंदिवासातून, याकडे आपण माझे लक्ष वेधलेत. सुवार्तेपायी ज्याच्या हातात बेड्या पडल्या, त्यानेच असे लिहावे, हे मला फार मोठे वाटते.

प्रत्येकाला कसे उत्तर द्यायचे हे समजावे, असेही तो तिथेच म्हणतो, आणि समजायचे तर आधी ऐकावे लागते, हे आपण बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रावरून दाखवलेत. आपल्या सांगण्यावरून मी त्या गृहस्थांना एवढेच विचारले की, हे प्रश्न आपल्या मनात कधीपासून आहेत. तेव्हा कळले की, त्यांचा मुलगा आजारपणात गेला त्या दिवसांत कोणा विश्वासणाऱ्याने 'तुमची श्रद्धा कमी पडली' असे त्यांना ऐकवले होते. देवाच्या नावाने उच्चारलेले निष्ठुर वाक्य शिवीपेक्षा खोल जाते, असे माझे ठाम मत आहे, कारण ऐकणाऱ्याला ते देवाचेच म्हणणे वाटते. त्यांना युक्तिवाद नकोच होता. त्या बोलण्याबद्दल मला वाईट वाटते, असे मी त्यांना सांगितले.

कृपेने बोलणे म्हणजे सत्य गिळून टाकणे नव्हे, हेही आपण निक्षून सांगितलेत. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीजवळ आलेल्या शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) स्त्रीकडे प्रभू येशूने आधी पाणी मागितले. तिच्या आयुष्यातले सत्य त्याने लपवले नाही, तरीही ती तोंड लपवून पळाली नाही, उलट गावात जाऊन 'मी केलेले सर्व त्याने मला सांगितले' असे लोकांना सांगत सुटली. खरे बोलूनही माणसाची मान खाली जाऊ न देणारे हे बोलणे मला आपल्या वागण्यातही दिसले आहे.

ते गृहस्थ अजूनही प्रश्न विचारतात, पण आता बसून विचारतात. त्यांना आपली भेट घ्यायची आहे. आपल्याला सोयीची वेळ कृपया कळवावी.

आपला नम्र,
मंडळीतील एक सभासद