यकृताच्या एमआरआयचा रिपोर्ट दोन ओळींत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला यकृताच्या कर्करोगावरचा लेख वाचला. गाठ कर्करोगाची आहे का, एवढंच नव्हे, तर ती किती आक्रमक आहे याचाही अंदाज आता एमआरआयवरून बांधता येतो, हा त्यातला मुद्दा खरा आहे. पण तो वाचून कुणालाही वाटेल की यंत्रात झोपलं की दुसऱ्या बाजूने भविष्य छापून बाहेर येतं. मी सांगलीत एमआरआय तंत्रज्ञ आहे. रिपोर्ट लिहिणं रेडिऑलॉजिस्टचं काम, माझं नाही. पण ज्या चित्रांवरून तो लिहिला जातो ती मी काढतो, आणि खरी मेख तिथेच आहे.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. सुमारे तीनचतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून, बाकीचं धमनीतून. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे यकृताच्या पेशींतूनच उगवणारा कर्करोग, मात्र आपलं रक्त मुख्यतः धमनीतून ओढतो. त्यामुळे हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात रक्त उजळ दाखवणारं औषध, दिल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात गाठ उजळते, आणि थोड्या वेळाने आजूबाजूचं यकृत उजळ असताना ती काळवंडते. सिरॉसिस (यकृत कडक आणि व्रणमय होणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात ही खूण स्पष्ट दिसली, तर बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, न करताही निदान पक्कं धरतात. ही सवलत फार थोड्या कर्करोगांना आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०११ मध्ये यासाठी ‘लाय-रॅड्स’ ही श्रेणीपद्धत आणली. तिच्यातली पाचवी श्रेणी म्हणजे कर्करोगच. मात्र ज्याचं यकृत धडधाकट आहे अशा माणसाला ती लावायची नसते. हे बारीक अक्षरातलं कलम बऱ्याचदा विसरलं जातं.

आता ते अर्धं मिनिट. पोटात पाणी झालेला, सुजलेल्या पायांचा माणूस उताणा झोपलेला असतो. इंजेक्टर सुरू झाला की माईकवरून सांगायचं, ‘मामा, श्वास सोडा, आता दम धरा, हलू नका.’ पंधरा-वीस सेकंद. मामांना खोकला आला किंवा त्यांनी मध्येच श्वास घेतला, की धमनीच्या टप्प्याचं, म्हणजे गाठ उजळते त्या क्षणाचं, चित्र फिसकटतं. पुन्हा काढावं तर कॉन्ट्रास्ट तोवर पुढे गेलेला असतो. म्हणून आम्ही आधी बाहेर बाकावर बसवून दम धरायची तालीम घेतो. ज्या सेंटरवर दिवसाचे पेशंट मोजले जातात तिथे ही तालीम पहिली कापली जाते. त्याहून वाईट म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायच ‘प्लेन’ एमआरआय उरकतात. एका बाईंच्या हातात असा रिपोर्ट पाहिला: ‘लिव्हरमध्ये एसओएल, क्लिनिकली कोरिलेट करावं.’ यकृतात काहीतरी आहे, एवढाच त्याचा अर्थ; ते तर सोनोग्राफीतच कळलं होतं. सगळं पुन्हा करावं लागलं, पैसे पुन्हा भरावे लागले, आणि मधले आठवडे गेले ते वेगळेच.

आक्रमकतेच्या खुणा तर याहून नाजूक असतात. गाठीची कड गुळगुळीत आहे की खडबडीत? धमनीच्या टप्प्यात फक्त बाहेरचं कडं उजळतंय का? गाठीच्या भोवतालचा भाग अकारण उजळलाय का? गॅडॉक्सेटेट नावाचा कॉन्ट्रास्ट यकृताच्या निरोगी पेशी आत घेतात. तो वापरला तर सुमारे वीस मिनिटांनंतरच्या चित्रात गाठीबाहेरही काळपट पट्टा राहिलाय का? या खुणांवरून गाठ बारीक रक्तवाहिन्यांत शिरली असावी, असा अंदाज करतात. खात्री ऑपरेशननंतर, काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावरच होते. पण ऑपरेशन करायचं का आणि किती मोठं, हे आधी ठरवायचं असतं ना!

‘मॅक्रोट्रॅबेक्युलर-मॅसिव्ह’ या लांबलचक नावाचा या कर्करोगाचा एक उपप्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. तो उपचारानंतर लवकर परत उगवतो, रक्तातलं एएफपी (या कर्करोगात वाढणारं एक प्रथिन) बहुधा चढलेलं असतं. पॅरिसजवळच्या क्रेतेय गावातल्या आँरी-मोंदोर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवलं, की गाठीतला बराच भाग मेलेला, कॉन्ट्रास्ट न घेणारा दिसला तर हा उपप्रकार असण्याची शक्यता दाट. अशा तीन गाठींपैकी सुमारे दोन या खुणेने ओळखू आल्या, आणि इतर गाठींत ती क्वचितच दिसली. म्हणजे तिसरी निसटतेच. शिवाय हा अभ्यास ऑपरेशन झालेल्या, म्हणजे मुळात ऑपरेशनला योग्य ठरलेल्या रुग्णांवरचा होता. गंमत अशी, की काही आक्रमक गाठी पाठ्यपुस्तकातल्यासारख्या उजळत-काळवंडतच नाहीत. त्या ‘कर्करोग आहे, पण यकृतपेशींचाच असं नाही’ या खान्यात जातात आणि तिथे बायोप्सी करावीच लागते. ‘आता सुईची गरज नाही’ असं सरसकट छापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

हे सगळं बारकाईने का हवं? यकृत प्रत्यारोपणासाठी १९९६ पासून जगभर मिलानचे निकष वापरले जातात: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत, आणि मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नको. यात आकार आणि संख्या मोजतात, गाठीचा स्वभाव नाही. आपल्याकडे बहुतेक यकृतं जिवंत दात्यांकडून मिळतात. मुलगा किंवा बायको स्वतःच्या यकृताचा मोठा भाग काढून द्यायला तयार असते. वडिलांची गाठ चार सेंटिमीटरचीच आहे, पण कड खडबडीत आणि मध्य मेलेला दिसतोय, हे त्या मुलाला ऑपरेशनआधी कळायला नको? कळल्यावरही तो ‘देतो’ म्हणेल कदाचित. तो त्याचा हक्क.

भाकिताबद्दलही एक सांगतो. या खुणा शंभर जणांच्या गटाबद्दल काही सांगतात. समोरच्या एकाबद्दल फक्त शक्यता. बऱ्याचदा रुग्णाचं पुढचं आयुष्य गाठीइतकंच उरलेल्या यकृताच्या ताकदीवर ठरतं. कावीळ किती, माणूस स्वतःच्या पायाने चालत येतो की स्ट्रेचरवर, हे यंत्र सांगत नाही. नातेवाईक मला बाहेर गाठून हळूच विचारतात, ‘किती दिवस?’ मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवतो.

म्हणून वाचकांना माझं सांगणं एवढंच. सिरॉसिस किंवा हिपॅटायटिस बी असेल तर दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका. त्यात गाठ दिसलीच, तर एमआरआयची वेळ घेताना फोनवरच विचारा की कॉन्ट्रास्ट देऊन सगळे टप्पे काढणार का. किडनीचा त्रास असेल तर तेही तेव्हाच सांगा. रिपोर्टमध्ये गाठींची संख्या, आकार, लाय-रॅड्स श्रेणी, पोर्टल शीर मोकळी आहे का आणि वर सांगितलेल्या खुणा आहेत की नाहीत, हे लिहून मागा. ‘नाहीत’ हेही लिहिलेलं हवं. आणि नुसत्या फिल्मवर समाधान मानू नका, पूर्ण स्कॅनची सीडी घ्या. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांना फिल्मवरच्या निवडक चित्रांतून हे ठरवता येत नाही.

आपला,
एक एमआरआय तंत्रज्ञ, सांगली