डोंगरपट्ट्यात कौलारू घरकुलं हवीत

मा. संपादक,
मी जांबोटी भागात गवंडीकाम करतो. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे, पाऊस नुसता झोडपतो. म्हणून वाडवडिलांनी जांभ्या दगडाच्या भिंती, वर उतरती मंगळुरी कौलं आणि भिंतीबाहेर हातभर वळचण ठेवली. जिल्ह्याच्या ईशान्येला अथणीकडे पाऊस कमी. तिथं मातीची सपाट माळवदं टिकतात, उन्हाळ्यात गारही राहतात. आता सरकारी घरकुलांत दोन्हीकडे एकच सपाट स्लॅब! आमच्याकडे तो पाझरतो, मग त्यावर पत्रे चढवा, खर्चावर खर्च. २०१९च्या महापुरात मातीच्या भिंती कोसळल्या, हे खरं. पण भिजलेल्या मातीचा दोष कौलांवर कशाला? शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं, जाणणारे कारागीर अजून गावात आहेत. घरकुलाच्या नकाशांत उतरत्या कौलारू छपराची सोय करावी, ही कळकळीची विनंती.

– एक गवंडी, जांबोटी (ता. खानापूर)