काकू, त्या एका आडव्या रेघेसाठी

दुसऱ्या विंगेतल्या काकू,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. सिंहगड रोडवरच्या आपल्या सोसायटीत ते कुणाला सांगायची गरजही नाही. समोर आभार मानायला आले की तुम्ही विषय बदलता आणि मला रडू फुटतं, म्हणून हे उघड पत्र.

२०२५चा जानेवारी, पुण्यातली ती गियाँ-बारेची (जीबीएस) साथ आठवली की अजून पोटात खड्डा पडतो. भाऊजी आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. आठवड्याभरापूर्वी जिने धावत चढणारा माणूस, बोटही उचलेना. मोठे डॉक्टर आले, 'डिमायलिनेशन आहे, आयव्हीआयजी सुरू करतोय, इथे सही करा' म्हणाले (आयव्हीआयजी म्हणजे शिरेतून द्यायची प्रतिपिंडं, हे मला नंतर कळलं) आणि पुढच्या कॉटकडे वळले. घरी टीव्हीवर लाल पट्ट्या. एका वाहिनीचा मुलगा नळाखाली ग्लास धरून 'हेच का ते मृत्यूचं पाणी?' असं ओरडत होता. साहेबलोक पत्रकारांना 'घाबरण्याचं कारण नाही' सांगून गाडीत बसत होते. कारण नाही म्हणजे काय, ते कोण सांगणार? व्हॉट्सॅपवर मात्र प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं: कोंबडी, पनीर, करोनाची लस, काय हवं ते घ्या.

आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत घालवून निवृत्त झालेल्या तुम्ही त्या संध्याकाळी पार्किंगमधला नोटिशीचा फळा पुसलात. मधोमध उभी रेघ मारून डावीकडे लिहिलंत 'माहीत आहे', उजवीकडे 'अजून माहीत नाही'. वर तारीख.

उजवी बाजू जास्त भरली होती. त्यानेच मला पहिल्यांदा जरा श्वास घेता आला, का ते अजून नीटसं कळलेलं नाही.

डावीकडे थोडंच होतं, पण पक्कं. गियाँ-बारे हा आजार पुण्यात जन्मलेला नाही; १९१६मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी दोन सैनिकांत तो नोंदवला होता. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बऱ्याचदा आधी जुलाबाचा संसर्ग होतो, त्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू नेहमीचा संशयित. त्याच्या अंगावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात, म्हणून त्याच्याशी लढायला निघालेली शरीराची फौज चुकून नसांवर तुटून पडते. चार्जरच्या वायरचं वरचं प्लास्टिक सोलवटलं की काय होतं, हे तुम्ही वायर हातात धरून दाखवलंत. नसांवरचं आवरणही तसंच सोलवटतं. डिमायलिनेशन ते एवढंच! मोठ्या डॉक्टरांना एक मिनिट लागलं असतं.

मग जोशात येऊन कुणीतरी म्हणालं, 'म्हणजे जुलाब झाले की संपलंच.' तुम्ही शांतपणे सांगितलंत, कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांत एकाला हा आजार होतो. उरलेले नऊशे नव्व्याण्णव पोट धरून बसतात आणि बरे होतात. पाणी उकळून प्या, कोंबडी पूर्ण शिजवा, आणि पायांत मुंग्या येऊन जिना चढवेनासा झाला तर सकाळची वाट पाहू नका. लसीचा फॉरवर्ड दाखवणाऱ्या काकांनाही तुम्ही हसला नाहीत. १९७६मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीनंतर लाखामागे साधारण एक जादा रुग्ण आढळला होता, हे तुम्हीच सांगितलंत. त्या खऱ्या धाग्याला किती पीळ घातलाय तेही दाखवलंत. काका गप्प झाले, पण अपमान होऊन नाही.

सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, 'माझा मुलगा जाईल का?' मी तुमच्याकडे बघू शकले नाही. तुम्ही खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलात. 'वहिनी, शंभरांत तीन ते सात माणसं उपचार मिळूनही दगावतात. दहांतले आठ सहा महिन्यांत आधाराशिवाय चालायला लागतात. तुमचा मुलगा कुठल्या बाजूला जाईल ते आज मला सांगता येत नाही.' तोवर सगळे त्यांना 'काही होत नाही हो' म्हणत होते. त्या रात्री सासूबाई बऱ्याच दिवसांनी जेवल्या.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती आडवी रेघ. काही रुग्णांच्या नमुन्यांत नोरोव्हायरस हा जुलाब-उलट्यांचा विषाणूही सापडल्याची बातमी आली, तेव्हा तुम्ही लिहिलेलं एक वाक्य तोकडं पडलं. फडकं तिथेच खिळ्याला होतं, पुसलं असतंत तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तुम्ही त्या वाक्यावर एक बारीक आडवी रेघ ओढलीत, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी नवीन तारखेसह नवं वाक्य लिहिलंत. वाहिन्या कालचं आज बिनदिक्कत गिळत होत्या. पत्रकार परिषदेतली कारणं आठवड्याला बदलत होती आणि आधीचं कुणी बोललंच नव्हतं, अशा थाटात. तुमच्या फळ्यावर मात्र काल काय वाटलं होतं, आज काय कळलं आणि कशामुळे, हे शेजारी शेजारी उभं होतं. खाडाखोड वाढत गेली तसा माझा तुमच्यावरचा विश्वासही वाढत गेला.

संशोधन लोकांपर्यंत पोचवायचं म्हणजे मोठमोठी सभागृहं आणि चकचकीत पत्रकं लागतात, असं मला वाटायचं. चांगले बोलणारे शास्त्रज्ञ आपल्याकडे आहेतही. पण शेजारणीच्या डोळ्यांत बघून 'आज सांगता येत नाही' म्हणायला विद्वत्तेइतकाच सज्जनपणा लागतो, आणि तो कुठल्या पदवीबरोबर मिळत असेल असं वाटत नाही. आयसीयूतल्या एका रात्रपाळीच्या सिस्टरकडे तो होता. भाऊजींना काही बोलता येत नसतानाही प्रत्येक इंजेक्शनाआधी त्या ते कशाचं आहे हे त्यांना सांगायच्या. त्यांचेही आभार इथेच मानते, त्यांना वाचून दाखवा कुणीतरी.

भाऊजी आता काठीशिवाय चालतात, जिना मात्र कठड्याला धरून. आणि सासूबाईंचं सांगायचं तर परवा शेजारच्या मावशी गुडघ्याच्या तेलाची जाहिरात घेऊन आल्या, 'हजारो लोकांना गुण आला' म्हणत. सासूबाईंनी चष्मा लावला, जाहिरात वाचली आणि विचारलं, 'किती हजारांपैकी?'

तुमची,
पहिल्या विंगेतली सूनबाई