काका, आमच्या पोरांना तुम्ही वेळेवर गाठलंत

ती. काका,
सा. न.

सगळ्यांसमोर लिहितेय कारण घरी येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषयच बदलता, आणि इंदूरमधल्या बाकी आईबापांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

माझा धाकटा भाऊ बीकॉमच्या सेकंड इयरला. भंवरकुआच्या कोचिंगमधल्या एका मुलाने त्याच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, तुझं बँकेचं खातं वापरायला दे, काही करायचं नाही, घरबसल्या कमिशन. दोघं-तिघं तर पासबुक घेऊन तयारच होते, आपण कुठे कोणाला फसवतोय असंच त्यांना वाटत होतं. आई सरळ फोन काढून घ्यायच्या बेतात होती, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, पोरांना रविवारी माझ्याकडे पाठवा.

तुम्ही तोच मेसेज मोठ्याने वाचायला लावलात, एकेक ओळ. एटीएम कार्ड कोणाकडे राहणार? त्यांच्याकडे. खात्याला जोडलेलं सिम? तेही त्यांच्याकडे. आणि नाव? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढून दाखवलंत, कुणा आजोबांना डिजिटल अरेस्टची, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटे पोलिस बनून अटकेची, धमकी देऊन उकळलेले पैसे आधी ह्याच खात्यात येतात, तिथून बघता बघता आणखी खात्यांमधे फुटतात, मग कॅश नाहीतर क्रिप्टो, आणि आजोबांनी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला की खातं फ्रीज होतं आणि पोलिस येतात ते ज्याच्या नावाने केवायसी आहे त्याच्या दारात. आयुष्य बँकेच्या काउंटरवर घालवलेला माणूस सांगतोय म्हणून ते पटलं हो. कायद्याचं तुम्ही सगळ्यात शेवटी काढलंत, आयटी अ‍ॅक्ट 2000 मधे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर कलम 66सी, दुसराच कोणी असल्याचं भासवून ऑनलाइन फसवलं तर 66डी, दोन्हीत 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. आधीच जेलचं नाव काढलं असतं तर निम्मी पोरं उठून गेली असती.

पण काका, माझे खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी आहेत. पोरांना हातखर्चाला पैसे हवे होते आणि घरी मागायची लाज वाटत होती, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही, ते तुम्ही ओळखलंत. एडिटिंग येतं ना तुम्हाला, मग ते विका की, म्हणालात. आधी गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींबरोबर रील करून घेतलंत, क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. मावशी कॅमेऱ्यात बघून ठसक्यात म्हणाल्या, "भिया, पैसा लेना है तो पिन काहे का?" ते रील आमच्या अख्ख्या नात्यात फिरलं, ग्वाल्हेरच्या आत्यानेसुद्धा परत आम्हालाच फॉरवर्ड केलं! त्यातलाच एक मुलगा आता राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानाचे व्हिडिओ बनवून देतो, पैसे स्वतःच्या खात्यात घेतो, बिल देऊन. आणि माझा भाऊ अकाउंट्सचे छोटे छोटे व्हिडिओ टाकतो, जर्नल एंट्री वगैरे, ज्युनियर मुलं त्यावर शंका विचारतात आणि हा रात्री बसून उत्तरं देतो. आई म्हणते फोन तेवढाच वेळ हातात असतो, पण आता ती दारातून डोकावून विचारते, आज काय शिकवलंस?

आता एक काम परत तुमच्याच गळ्यात घालतेय. कॉलेजच्या मुलींना फेक प्रोफाइल आणि फोटो मॉर्फ करण्याबद्दल बोलायचंय, घरी सांगायची भीती वाटते म्हणतात. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर बायकांच्या अशा तक्रारी नाव न सांगताही करता येतात हे त्यांना माहीतच नव्हतं. काकूही बरोबर असल्या तर मुली मोकळेपणी बोलतील. रविवार कुठला ते सांगा, मंडळाच्या हॉलचं मी बोलून ठेवते.

काकूंना नमस्कार.
तुमच्या गल्लीतली ताई