तेन्रीला जाण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल काल रात्री वाचला. घरमालकीणबाई २६ तारखेला तेन्रीला, म्हणजे त्यांच्या तेन्रिक्यो धर्माच्या मुख्य देवळाच्या शहरी, चल म्हणतायत आणि तू विचारतेस, जाऊ का? खुशाल जा. तुझ्या आईच्या डोक्यात भलतंच काहीतरी आलं होतं, तिची समजूत मी घातली आहे. तिथे कुणी सही मागत नाही, की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण काढून टाक म्हणत नाही. ओसाकात नोकरीला होतो तेव्हा रविवारी-सुट्टीला मी बरेचदा तिकडे गेलोय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी या धर्माच्या संस्थापिका नाकायामा मिकी कोण ते समजून घे, कारण बाई उठता-बसता त्यांचं नाव काढतील, आणि तेही भूतकाळात नाही. जन्म १७९८ चा, यामातो प्रांतातला. म्हणजे आत्ता तू जिथे राहतेस त्याच नारा भागातला. लहानपणी भिक्षुणी व्हायचं मनात होतं, पण तेराव्या वर्षी लग्न झालं. सासर खातं-पितं, शेतीवाडीचं. १८३८ साली थोरल्या मुलाचा, शूजीचा पाय असह्य दुखायला लागला, तेव्हा घरी एका यामाबुशीला, म्हणजे डोंगरात तप करणाऱ्या मांत्रिकाला, बोलावलं. अशा विधीत अंगात येण्यासाठी एक बाई लागायची. नेहमीची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून मिकींना बसवलं. आणि त्यांच्या तोंडून देव बोलला: ही बाई मला माझं देऊळ म्हणून द्या. नवरा आणि नातेवाईक तीन दिवस नाही-नाही म्हणत राहिले. घरात लहान मुलं होती, शेत होतं, गावात अब्रू होती. शेवटी झेनबेईंनी, म्हणजे नवऱ्याने, होकार दिला.

पुढे मिकींनी दागिने, कपडे, धान्य, जे हाताला येईल ते वाटायला सुरुवात केली. घराची पडझड आपल्या हातांनी ओढवून घेतली. झेनबेई १८५३ मध्ये गेले, त्यानंतर मुख्य घरही मोडून विकलं. लोक म्हणायचे, हिला कोल्ह्याने झपाटलंय. त्यांच्या चरित्रात हा सगळा भाग कौतुकाने सांगतात. मला मात्र दर वेळी झेनबेईच आठवतो. त्याने एक होकार दिला आणि जन्मभर गावाची बोलणी खाल्ली. त्याच्यावर भजन कुणी रचलं नाही.

लोक जवळ आले ते प्रवचन ऐकून नव्हे, बाळंतपणामुळे. हे तुला आवडेल. तेव्हा बाळंतिणीला अमुक खाऊ नको, अमुक दिवस आडवी होऊ नको, पोटाला पट्टा बांध, असे शंभर निर्बंध असायचे आणि विटाळ वेगळा. मिकींनी ते सगळं उडवून लावलं. आधी स्वतःच्या लेकीला आणि मग शेजारच्या बायकांना त्या बेधडक सांगू लागल्या की यातलं काही पाळायची गरज नाही, बाळंतपण सुखरूप होईल. १८६४ मध्ये इबुरी इझो नावाचा सुतार आजारी बायकोसाठी त्यांच्याकडे आला. बायको बरी झाली तेव्हा आभार म्हणून त्याने प्रार्थनेची जागा बांधून द्यायचं कबूल केलं. मिकींच्या पश्चात देवाचे शब्द याच सुताराच्या तोंडून येत राहिले, असं ते लोक मानतात. शिकलेला पंडित नाही, सुतार. मिकींनी स्वतः १८६९ ते १८८२ या काळात ओफुदेसाकी लिहिली, १७११ कडवी, बहुतेक साध्या काना लिपीत, म्हणजे शेतकऱ्याच्या बायकोला वाचता यावी अशी. आपल्याकडे ओवी का लिहिली गेली ते तुला सांगायला नको.

सरकारला हे रुचलं नाही. मिकींना वारंवार पकडलं. शेवटची अटक १८८६ च्या हिवाळ्यात झाली. जपानी मोजणीने त्या ८९ वर्षांच्या होत्या आणि कडाक्याच्या थंडीत बारा दिवस चौकीत काढले. सोबत नात होती, हिसा. पहाऱ्यावरचा पोलीस कंटाळून बसलाय हे पाहून म्हातारी हिसाला म्हणाली, तो खाऊवाला चाललाय ना, त्याच्याकडून काहीतरी घे आणि या पोराला दे. पुढच्याच वर्षी त्यांनी देह ठेवला. पण गेल्या असं कुणी म्हणत नाही. त्यांच्या वास्तूत आजही तीन वेळचं जेवण वाढतात, आंघोळीची तयारी करतात. पंढरपुरात पहाटे काकड्याला देवाला उठवतात हे पाहत मोठी झालेली तू, तुला याचं नवल वाटू नये.

आता तिथे काय दिसेल ते सांगतो. नाराहून जेआर रेल्वेची सरळ गाडी आहे. स्टेशनातून बाहेर आलीस की छपराखालचा लांब बाजार लागतो, त्यातून चालत गेलं की देऊळ. दुकानांत विधीची वाद्यं टांगलेली दिसतील, आणि काळ्या हाप्पी. हाप्पी म्हणजे आखूड कोट, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत तेन्रिक्यो लिहिलेलं असतं. विद्यापीठ, दवाखाना, शाळा, भाविकांना उतरायची मोठमोठी निवासस्थानं, सगळं त्यांचंच. १९५४ मध्ये शहर झालं तेव्हा नावही धर्माचंच पडलं. आल्या-गेल्याचं स्वागत 'या, घरी आलात' असं करतात, कारण माणूसजात मुळात इथेच निर्माण झाली अशी त्यांची श्रद्धा. ती जागा म्हणजे जिबा. तिच्यावर कानरोदाई हा षटकोनी स्तंभ उभा आहे आणि त्याच्या वरचं छप्पर उघडं ठेवलंय. चारही दिशांना सभागृहं आहेत, त्यामुळे नमस्कार करताना समोर मूर्ती नसते, पलीकडच्या बाजूला बसलेली माणसं दिसतात. दारं रात्रंदिवस उघडी असतात.

२६ ला मुख्य विधी कानरोदाईभोवती दहा जण मुखवटे घालून करतात. तो नीट दिसणार नाही, फोटोही काढू नकोस. नंतर हातांच्या मुद्रांसह गाणी होतात, ती बघ. रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेतही त्यातली ओळ असते: 'अशिकी ओ हारोते तासुके तामाए, तेन्री ओ नो मिकोतो'. वाईट झाडून टाक आणि आम्हाला तार, असा भाव. म्हणताना सगळे हात छातीसमोर झाडल्यासारखे हलवतात.

ही झाडलोट त्यांच्या शिकवणीच्या मुळाशी आहे. मनावर आठ प्रकारची धूळ बसते म्हणतात: चिकटपणा, हाव, द्वेष, आपल्यापुरती माया, आकस, राग, लोभ, ताठा. आपले षड्रिपू आठव. तिथे लढायचं असतं, जिंकायचं असतं, आणि हरलो की पाप. यांच्याकडे धूळ रोज बसणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. झाडली की झालं. मला हे फार माणसाळलेलं वाटतं. 'आपल्यापुरती माया' त्या यादीत आहे हे मात्र बापाला झोंबतं. तू नापास झाली असतीस तर मी परीक्षकांना शिव्या घातल्या असत्या, हे तुलाही माहीत आहे.

बाई बहुधा तुलाही फडकं देतील. लांबच लांब लाकडी पडव्या आहेत, तिथे म्हातारे, शाळेतली पोरं, नोकरदार माणसं ओळीने गुडघ्यांवर बसून फरशी पुसतात. लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की पायमोजे घसरतात. याला हिनोकिशिन म्हणतात. शरीर देवाने उसनं दिलंय, आपलं म्हणावं असं फक्त मन. तेव्हा उसन्या वस्तूबद्दल आभार म्हणून काम. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडायचे. इथे झाडणं संपलं की कीर्तन सुरू व्हायला हवं असं कुणाला वाटतच नाही. गुडघ्याखाली काहीतरी घे, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उतरवणार नाही.

आजाराबद्दल मात्र नीट ऐक. शरीर उसनं, तर दुखणं म्हणजे देवाची खूण, मनाकडे बघ, अशी त्यांची मांडणी आहे. तिथले शहाणे लोक हे स्वतःला सांगतात, दुसऱ्याला नाही. पण तापलेल्या पोराजवळ बसलेल्या आईला कुणी 'तुझ्या मनात कुठली धूळ आहे?' असं विचारलं, तर मला तो अघोरीपणा वाटतो, विचारणारा कितीही सज्जन असो. तुला ताप आला आणि बाई साझुके देते म्हणाल्या तर नाही म्हणू नकोस. त्या प्रार्थना म्हणत दुखऱ्या जागेवरून हात फिरवतील, त्यांना बरं वाटेल, तुलाही. मग डॉक्टरकडे जा. तेन्रीवाल्यांनी स्वतः १९६६ पासून मोठा दवाखाना चालवलाय. तिथे उपचारांचा विभाग वेगळा आणि मनाच्या दिलाशाचा वेगळा. यावरून काय ते समज. मरणाला ते पुन्हा नव्याने निघणं म्हणतात, जुना कपडा टाकून नवा घालावा तसं. हे आजीला सांग, ती लगेच 'वासांसि जीर्णानि' म्हणून दाखवेल.

माझ्या ऑफिसात एक जण होता, चर्चघरात वाढलेला. तेन्रीची बरीचशी चर्चं, म्हणजे त्यांची प्रार्थनागृहं, ही राहती घरंच असतात. नवरा-बायको ती चालवतात आणि दार सगळ्यांना उघडं. आई-बाप नसलेली मुलं सांभाळणारी अशी कितीतरी घरं आहेत. तो सांगायचा, संध्याकाळी ताटावर किती जण असतील ते कधीच ठाऊक नसायचं, आणि आपल्या वाट्याला आई कमीच आली. मोठा झाल्यावर त्याने श्रद्धा सोडली. तरी दर उन्हाळ्यात मुलांची यात्रा असते तेव्हा हा रजा टाकून तेन्रीला जायचा आणि उन्हात उभा राहून पोरांना गार बार्लीचा चहा ओतायचा. विश्वास नाही तर जातोस कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, पोरांना तहान लागते. बाईंची मुलं अशा घरात वाढली असतील तर त्यांच्याशीही बोल, नुसतं बाईंशी नको.

पैशाचं: देवळात टाकतेस तेवढे टाक, जास्त नाही. कुणी आग्रह केलाच तर 'वडिलांना विचारते' म्हण. या वाक्याचा जपानमध्ये चांगला उपयोग होतो. जाताना बाईंना काहीतरी घेऊन जा. आईने चिवडा आणि गोडा मसाला पाठवलाय, चिवड्यातला अर्धा त्यांना दे. मसाला देऊ नकोस, आई पुन्हा लगेच करणार नाही. आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या जपानी पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. तुझ्या प्रबंधाला लागेल, त्याची चौकशी त्याच फेरीत करून घे.

तुझा,
बाबा