क्लबची किंमत काढायची तर आधी सातबारा काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या क्रीडा पानावर मध्यंतरी जगातल्या श्रीमंत फुटबॉल क्लबांची यादी आलेली, ब्रँड व्हॅल्यू वगैरे. तो पेपर आमच्या गावात (बांद्याच्या जवळच, गोव्याची हद्द हाकेवर) भजी गुंडाळायला न जाता पंधरा दिवस हातोहात फिरला, कारण नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या गावच्या क्लबलासुद्धा गिऱ्हाईक आलं. हो, गिऱ्हाईकच म्हणतो मी. समुद्राकडे रिसॉर्ट बांधलेला एक माणूस आहे, नाव लिहीत नाही, उगाच तुमच्या डोक्याला ताप नको. तो म्हणतो वर्षाला पाच लाख देतो, बूट, जर्सी, कोच सगळं माझ्याकडे लागलं, फक्त क्लबचं नाव माझ्या रिसॉर्टचं लावा, जर्सीचा रंग आमच्या बोर्डासारखा करा आणि मैदान तीस वर्षांच्या लीजवर लिहून द्या. झालं, कमिटीत लगेच दोन पार्ट्या, आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर तिसरी.

आता आमचा क्लब म्हणजे काय ते पण सांगतो. पिवळी जर्सी, पोफळीच्या वाशांचे गोलपोस्ट, भात कापून झालं की मळ्यात खेळ सुरू आणि जूनला चिखलणी आली की बंद. तुमच्या यादीत वर असलेल्या रियाल माद्रिदचं २०२३-२४ च्या एका सीझनचं उत्पन्न १०० कोटी युरोच्या वर गेलं, तिथवर पोचलेला तो जगातला पहिला क्लब. हे पैसे तीन वाटांनी येतात म्हणे, मॅचच्या दिवशीचं तिकीट-खाणंपिणं, टीव्हीचे हक्क, आणि स्पॉन्सर-जर्सीविक्री. आमच्याकडे तिकीट नाही कारण मळ्याला कुंपणच नाही, टीव्ही म्हणजे कोणाचा तरी मोबाईल, आणि स्पॉन्सर म्हणजे पाठीवर एका गॅरेजचं नाव, त्याने पैसे एकदाच दिलेले पण नाव अजून छापतो कारण स्क्रीन तयार आहे. बाकी टुर्नामेंटची एन्ट्री फी, कोंबडीवड्यांचा स्टॉल आणि गणपतीत आलेल्या चाकरमान्यांच्या खिशातलं काय निघेल ते.

मग आमच्या ब्रँडची किंमत काय? मी जरा वाचलं यावर. ब्रँड व्हॅल्यू काढायची एक चालू पद्धत अशी की समजा क्लबचं नाव तुमचं नाहीच, दुसऱ्या कोणाचं आहे आणि तुम्ही ते भाड्याने घेतलंय, तर धंद्यावर दरवर्षी किती भाडं द्याल, तेवढं पुढच्या वर्षांचं भाडं धरून त्याची आजची किंमत काढायची. हे वाचल्यावर मला हसूच आलं, कारण हा हिशोब आमच्याकडची दशावताराची कंपनी न वाचता करते. जत्रेला नाटक ठरवताना लोक आधी विचारतात "खयची कंपनी?", राजा कोण नि खलनायक कोण हे नंतर. नट या वर्षी इथे, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत, पेटारा मात्र कंपनीचाच. पैसे नावाला. फक्त एवढंच की ते नाव मोठं व्हायला पन्नास-पन्नास वर्षं रात्रभर गॅसबत्तीत उभं राहावं लागलंय, ते काय पाच लाखात येतं का!

असो. गजालीन घो खाल्लो असं व्हायला नको, मुद्द्यावर येतो.

क्लबची किंमत शून्याच्या जवळ पण येऊ शकते, आणि तीपण नावाजलेल्या क्लबची. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ बरी नावाचं गाव आहे, त्यांचा क्लब १८८५ चा. २०१८ च्या डिसेंबरात तो विकला गेला एका पौंडाला. एक. तेव्हाचे साधारण नव्वद रुपये, बांद्याच्या बाजारात दोघांचा चहा-नाश्ता. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगने क्लबला काढूनच टाकलं, कारण पैसे कुठून आणणार हे मालकाला दाखवता आलं नाही. क्लबची १३४ वर्षं, आजोबा-पणजोबांपासूनचे फॅन, हे सगळं होतंच की, मग किंमत एक पौंड कशी? कारण डोक्यावर कर्ज होतं आणि मैदान गहाण पडलेलं. पुढे २०२२ मध्ये तेच मैदान लोकांनी पैसे गोळा करून, सरकारची मदत घेऊन परत मिळवलं तेव्हा कुठे गावात क्लब पुन्हा उभा राहिला. आधी मैदान आलं, मग क्लब आला, हा क्रम लक्षात घ्या.

इंग्लंडमधल्याच ब्रायटनचं पण तेच, आणि ते तर आपल्यासारखं समुद्रकाठचं गाव. नव्वदच्या दशकात तिथल्या संचालकांनी मैदान बिल्डरला विकून टाकलं, तिथे दुकानं झाली, आणि १९९७ पासून दोन वर्षं क्लब आपल्या होम मॅच शंभराहून जास्त किलोमीटरवर दुसऱ्याच गावात खेळत होता. म्हणजे बांद्याच्या टीमने घरची मॅच खेळायला राजापूरला जायचं आणि त्याला घरची मॅच म्हणायचं! त्यानंतर बारा वर्षं एका ऍथलेटिक्सच्या मैदानात काढली आणि २०११ ला स्वतःचं स्टेडियम झालं, तेही गावातल्याच एका फॅनने, जो आता मालक आहे, पैसे घातले म्हणून. त्याच क्लबने २०२३ मध्ये कायसेदो नावाचा पोरगा चेल्सीला साडेअकरा कोटी पौंडांपर्यंत विकला, आपले जवळपास १२०० कोटी. लोक हा १२०० कोटींचा आकडा सांगतात, मैदानाशिवाय काढलेली वर्षं कोणी सांगत नाही.

म्हणून मी काय केलं, आमच्या मळ्याचा सातबारा काढला. कमिटीतल्या एकानेही आजवर काढला नव्हता हे विशेष. तर संपादकसाहेब, मैदान क्लबचं नाहीच्चे! सात घरांची सामाईक, सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातले चार वारलेले, वारस नोंद झालेली नाही, दोघे मुंबईत, एक बडोद्याला. क्लबचं नाव इतर हक्कातसुद्धा कुठे नाही. वर शेतजमीन, म्हणजे शेतकरी नसलेल्याला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागणार. आणि आमची कमिटी मात्र लीजवर सही करायला पेन शोधत होती. जे आपलं नाही ते तीस वर्षांसाठी द्यायला निघालेलो आम्ही, आणि जे खरोखर आपलं आहे, नाव आणि पिवळा रंग, ते फुकटात वर घाल म्हणून.

नावाबद्दल म्हणाल तर आपल्या देशातच बघा. महिंद्रा युनायटेड, मुंबईची टीम, २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली, २०१० ला कंपनीने ठरवलं आणि बंद. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी गिरणीची टीम, पहिली नॅशनल लीग त्यांची, २०११ ला बंद. पुण्याची एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद आणि तिची जागा हैदराबादला गेली, पुण्याच्या पोरांनी त्या जर्सीचं काय केलं असेल देव जाणे. नाव नाहीतर मालकी कंपनीची असली की कंपनीचा मूड गेला की क्लब जातो. याला एक अपवाद मला मान्य करावा लागेल, गोव्याचा डेम्पो. घराण्याचं नाव, खाणीचा पैसा, पाच वेळा देशाचं अजिंक्यपद, आम्ही सावंतवाडी रोडवरून गाडी पकडून मडगावला उतरायचो आणि फातोर्ड्याला मॅच बघून रात्री उशिरा मिळेल त्या गाडीने परत. २०१६ ला ते आय-लीगमधून (नॅशनल लीगचंच पुढचं नाव) बाहेर पडले तेव्हा वाटलं संपलं, पण लोकल लीगमध्ये खेळत राहिले आणि २०२४ मध्ये खालच्या डिव्हिजनमधून परत वर आले. का टिकले? माझ्या मते घराणं तिथलंच होतं, रोज त्याच लोकांना तोंड दाखवायचं होतं. रिसॉर्टवाले साहेब पावसाळ्यात पुण्याला असतात.

आणि मोठा मालक म्हणजे कायमचा मालक असं पण नाही हो. मुंबई सिटी क्लबचे ६५ टक्के २०१९ ला मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपने घेतले तेव्हा आम्ही इकडे पेढे वाटायचे बाकी होतो. २०२५ च्या जुलैत आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग थांबवून ठेवायची वेळ आली कारण देशाच्या फुटबॉल फेडरेशनचा लीग चालवणाऱ्या कंपनीबरोबरचा हक्कांचा करार डिसेंबरात संपत होता, आणि वर्ष संपता संपता तो ग्रुप बाजूला झाला. एका कागदावर लटकलेली किंमत.

रंगाचं म्हणाल तर वेल्समधल्या कार्डिफ क्लबच्या मलेशियन मालकाने २०१२ मध्ये क्लबची निळी जर्सी लाल केली, लाल शुभ असतं म्हणून, टीमचं टोपणनाव ब्लूबर्ड्स असताना! टीम वरच्या लीगमध्ये गेली तरी लोक निळा मफलर घालूनच यायचे, शेवटी २०१५ च्या जानेवारीत परत निळी केली. मोहन बागानचं पण तसंच, १८८९ चा क्लब, २०२० मध्ये एटीके ही कोलकात्याचीच दुसरी टीम त्यात मिसळली आणि तिचं नाव पुढे लावलं, हिरवा आणि मरून रंग ठेवला तरी लोकांनी तीन वर्षं बोंब मारली आणि २०२३ ला एटीके काढावं लागलं. एटीकेची मालक करोडोंची कंपनी, तिला तीन अक्षरं टिकवता आली नाहीत. आमच्याकडचे एक आजोबा सभेत एवढंच बोलले, "नाव बदलूक ता काय कुत्र्याचा आसा काय रे?" आणि पान थुंकायला बाहेर गेले.

मग पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न राहतोच, आणि तो विचारणारे चुकीचे नाहीत. पोरांना बूट नाहीत हे खरंच आहे. स्पेनमध्ये व्हिया-रेआल नावाचं गाव आहे, वस्ती पन्नासएक हजार, आपल्या रत्नागिरी शहरापेक्षा लहान, धंदा फरशीचा. त्यांचा मालक फरशीवालाच, पण २०१७ ला स्टेडियमला नाव दिलं ते स्वतःच्या कंपनीचं नाही, सिरॅमिकच्या धंद्याचं, म्हणजे सगळ्या गावाच्या पोटापाण्याचं. २०२१ ला याच क्लबने मँचेस्टर युनायटेडला युरोपा लीगच्या फायनलला पेनल्टीवर ११-१० ने हरवलं. आमच्या मळ्याला कोणी "जांभा चिरा मैदान" नाव दिलं तर मी पहिला हार घालीन.

पण माझा खरा जीव एइबारवर आहे. स्पेनमधलंच, सावंतवाडीएवढं साधारण, सत्तावीसेक हजार वस्ती. २०१४ ला पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये गेले, अंगावर कर्ज शून्य, तरी कायदा म्हणतो भांडवल कमी आहे, १७ लाख युरो आणखी दाखवा नाहीतर खाली जा. त्यांनी एक मोठा मालक शोधला नाही. शेअर काढले, जगभरातल्या माणसांना विकले, आणि अट घातली की एका माणसाला एक लाख युरोच्या वर घेता येणार नाही. जमले पैसे. आणि मजा पुढे आहे, पहिल्याच सीझनला ते अठरावे आले म्हणजे खाली जायलाच हवे होते, पण त्यांच्या वर असलेल्या एल्चेला कर्जापायी लीगने खाली ढकललं आणि एइबार राहिले, ते पुढे २०२१ पर्यंत! उधारी नसणं हीच त्यांची त्या वर्षीची सगळ्यात महाग प्रॉपर्टी ठरली, ब्रँडच्या यादीत तिला रकाना नाही.

अजून एक. विकत घेतलेला खेळाडू क्लबच्या पुस्तकात मालमत्ता म्हणून लागतो आणि कराराच्या वर्षांत त्याची किंमत उतरवत आणतात, पण स्वतः घडवलेल्या पोराची पुस्तकातली किंमत शून्य, परसातल्या फणसासारखी. विकला की जवळजवळ सगळा नफाच. आमची तीन पोरं गोव्यातल्या क्लबांच्या ज्युनिअर टीमना गेली, आमच्या वहीत एक रुपया नाही. फिफाचा नियम आहे की करारातला खेळाडू परदेशी क्लबने पैसे मोजून घेतला तर रकमेतले पाच टक्के बारा ते तेवीस वयात त्याला ज्या क्लबांनी शिकवलं त्यांच्यात वाटायचे, पण त्यासाठी क्लब फेडरेशनच्या कागदावर असावा लागतो. आमचा क्लब फक्त जर्सीवर आहे.

तर सभेत मी जे मांडणार आहे ते इथेच लिहितो म्हणजे नंतर कोणी फिरवायला नको. रिसॉर्टवाल्यांना जर्सीची छाती द्यावी, वर्षाच्या करारावर, पाच नाही दोन लाख दिले तरी चालतील, नाव आणि पिवळा रंग नाही. क्लब धर्मादाय कार्यालयात नोंदवून फेडरेशनकडे पण कागद करायचे. वर्गणीचे हजार-हजाराचे सभासद करायचे, मुंबईकर धरून, आणि एका घराला एकच मत. आणि आधी वारस नोंद, मग अकरा नावांच्या सह्या घेऊन परवानगीने मैदानाचा भाडेपट्टा क्लबच्या नावे. बडोद्याचे काका फोन उचलत नाहीत, तेवढं बघायचंय. सभा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी देवळाच्या मंडपात आहे, रिसॉर्टवाले येणार आहेत म्हणे, प्रोजेक्टर घेऊन.

तुम्ही एकच करा. पुढची श्रीमंत क्लबांची यादी छापाल तेव्हा कडेला एक बारीक रकाना वाढवा, "मैदान कोणाच्या नावावर".

कळावे,
आपला एक जुना वाचक,
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

ता. क. गॅरेजवाला हे वाचून भांडायला येणार. त्याने २०११ साली पंधराशे दिलेले, पावती माझ्याकडे आहे.